‘कॉम्पोझिट’च्या दारातून: शब्दार्थविचाराकडे येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून देणारा कंपाउंडर, छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर, परसातल्या खड्ड्यात तयार होणारे कंपोस्ट आणि शाळेभोवतीचे कंपाउंड. हे चारही शब्द मराठीत असे मुरले आहेत की ते उच्चारताना आपण परक्या भाषेतले काही बोलतो आहोत असे कोणालाच वाटत नाही. यांतले पहिले तिघे सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये ‘कोम्’ म्हणजे एकत्र आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. या दोघांच्या जोडीतून ‘एकत्र ठेवणे’ असे क्रियापद झाले आणि त्याचा वंश फ्रेंच-इंग्रजीतून फिरत आपल्या दवाखान्यात, छापखान्यात आणि शेतात पोचला. चौथा मात्र या घरातला नाही. आवाराच्या अर्थाचे कंपाउंड बहुतेक कोशकारांच्या मते मलाय भाषेतल्या ‘कांपोंग’ या शब्दावरून आले. कांपोंग म्हणजे वाडी, वस्ती. पूर्वेकडे व्यापाराला आलेल्या युरोपीयांच्या तोंडी तो बसला, इंग्रजीत जाताना औषधाच्या कंपाउंडसारखा दिसू लागला आणि दोघांचे रूप एक होऊन गेले.

शब्दांच्या अर्थाचा अभ्यास करू पाहणाऱ्या नव्या वाचकाचे स्वागत मला याच घराण्यातल्या एका विशेषणाने करायचे आहे. ते विशेषण म्हणजे ‘कॉम्पोझिट’. ब्रिटिश माणूस त्याच्या पहिल्या अवयवावर जोर देतो, अमेरिकन बहुधा दुसऱ्यावर. अर्थ विचारला तर कोणताही लहान कोश एका ओळीत सांगेल: अनेक भागांचे मिळून झालेले. हे उत्तर चूक नाही. पण या एका ओळीवर विसंबून कोणी भाषांतराला बसला तर पहिल्याच दिवशी अडेल, कारण भाग तर सगळ्यांनाच असतात. खुर्चीलाही असतात, पण खुर्चीला कोणी कॉम्पोझिट म्हणत नाही. मग हे विशेषण कशाला लागते आणि कशाला लागत नाही, याचा शोध घेणे म्हणजेच शब्दार्थविचार. तो शोध इतका आनंदाचा आहे की ज्यांनी तो अजून सुरू केला नाही त्यांचा मला हेवा वाटतो. त्यांचे सगळे शोध अजून पुढे आहेत.

सुरुवात गणितापासून करू, कारण तिथे शब्द सर्वांत स्वच्छ वापरला जातो. आपल्या शाळेत मूळ संख्या आणि संयुक्त संख्या शिकवतात, त्यातली संयुक्त म्हणजे कॉम्पोझिट. ६ ही संयुक्त, कारण ती २ आणि ३ यांच्या गुणाकाराने होते, ७ मूळ, आणि १ दोन्हींपैकी काहीच नाही. ही विभागणी युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या भागात आहे. तिथला ग्रीक शब्द ‘सिंथेतोस’, म्हणजे पुन्हा तेच: एकत्र ठेवलेला. ग्रीकमधला हा ‘ठेवणे’चा धातू आणि संस्कृतातला ‘धा’ एकाच कुळातले आहेत. म्हणजे सम् आणि धा यांपासून झालेला आपला ‘संहिता’ हा शब्द सिंथेतोसचा चुलतभाऊ ठरतो. शब्दांची अशी नाती अचानक सापडतात तेव्हा होणारा आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे.

याच शब्दाने रामानुजनलाही मोहिनी घातली होती. १९१५ साली त्याचा ‘हायली कॉम्पोझिट’ संख्यांवरचा मोठा निबंध लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यापेक्षा लहान असलेल्या कोणत्याही संख्येहून जिला जास्त विभाजक असतात ती अशी संख्या: १२, २४, ३६, ४८, ६०, १२०. डझनाची अंडी दोघांत, तिघांत, चौघांत, सहा जणांत सरळ वाटली जातात आणि तासाची ६० मिनिटे कितीतरी परींनी तोडता येतात, त्याचे कारण हेच. इथे भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट टिपून ठेवावी. विशेषणाला ‘हायली’ लागले, म्हणजे या अर्थात कमी-जास्तपणा आला. एरवी संख्या संयुक्त असते किंवा नसते, मधली अवस्था नसते. रामानुजनने शब्दाची व्याख्या जराही न मोडता त्याला मोजपट्टी लावली.

गणितातून बाहेर पडून रोममध्ये जाऊ. इ.स. ८१ मध्ये सम्राट टायटस वारला आणि त्यानंतर त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कमानीच्या स्तंभशीर्षांवर दोन शैली एकत्र दिसतात: आयोनिक शैलीची गुंडाळलेली वळणे वर आणि कॉरिंथियन शैलीची काटेरी पाने खाली. रोमनांनी हे मनसोक्त वापरले, पण त्याला पाचवी स्वतंत्र शैली म्हणून ‘कॉम्पोझिट’ हे नाव रूढ झाले ते पुष्कळ उशिरा, युरोपच्या प्रबोधनकाळात. सेर्लिओ या इटालियन लेखकाने १५३७ मध्ये पाच शैलींची मांडणी केली, त्यात ही आहे. वस्तू आधी, नाव मागाहून. अर्थाच्या इतिहासात हे इतक्या वेळा घडते की मी तो नियमच मानतो.

वनस्पतिशास्त्रात मात्र या शब्दाने मला जे दाखवले ते मी कधी विसरणार नाही. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, करडई, कारळा, दवणा, पावसाळा सरताना सह्याद्रीची पठारे पिवळी करणारी सोनकी, रस्त्याकडेची एकदांडी, आणि १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आलेले ते त्रासदायक गाजरगवत, ही सगळी एका कुलातली. या कुलाचे जुने नाव कंपॉझिटी. आज त्याला ॲस्टरेसी म्हणतात, पण ज्या मोजक्या कुलांची जुनी नावे वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने वैध ठेवली आहेत त्यांत हे नाव आहे, त्यामुळे दोन्ही चालतात. नावाचे कारण पाहायचे तर एक सोनकी तोडून हातात घ्या आणि भिंगाखाली धरा. ज्याला आपण एक फूल समजत होतो ते फूल नसून फुलांची अख्खी वस्ती आहे. मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका हे पूर्ण फूल. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हेही एक फूल. सूर्यफुलात कडेची फुले वांझ असतात. त्यांचे काम कीटकांना बोलावणे, बी धरण्याचे काम मधल्यांचे. इतक्या जणांनी मिळून असे एक रूप घेतले आहे की मधमाशी त्याच्याकडे एक फूल म्हणून येते, आपण त्याला एक फूल म्हणून देवाला वाहतो आणि भाषा त्याला एकवचनात बोलावते.

इथे मला या विशेषणाचा गाभा सापडतो. कॉम्पोझिट म्हणवण्यासाठी नुसते भाग असून भागत नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उभा राहू शकेल असा हवा; एकत्र आल्यावरही तो ओळखू यायला हवा; आणि तरी सगळ्यांनी मिळून एका नावाखाली एक काम केले पाहिजे. खुर्चीचा पाय स्वतंत्रपणे काहीच नसतो, म्हणून खुर्ची कॉम्पोझिट नाही. मिठाचे सोडियम आणि क्लोरीन मिठात ओळखू येत नाहीत, म्हणून रसायनशास्त्र त्याला कंपाउंड म्हणते आणि आपण संयुग म्हणतो. पोत्यात मिसळलेले गहू आणि हरभरे दोन्ही ओळखू येतात, पण मिळून एक काम करत नाहीत, म्हणून ते मिश्रण. काचेचे तंतू आणि राळ यांचे फायबरग्लास मात्र कॉम्पोझिट: तंतू ताण सोसतात, राळ त्यांना जागेवर धरते. कुडाच्या भिंतीतली माती आणि काड्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. गिरणगावात सूत काढणे, कापड विणणे आणि त्यावर प्रक्रिया करणे एका छपराखाली चाले त्या गिरणीला कंपोझिट मिल म्हणत. सूतखाते आणि साचेखाते वेगळे ओळखू येत, माणसेही वेगळी असत, आणि दारातून बाहेर पडे ते एकच कापड.

आणि कंपोस्ट? ते याच घरातले असूनही त्यात भाग ओळखू येत नाहीत. किंबहुना ते ओळखू येईनासे होणे हेच कंपोस्टचे यश. शब्दाचे मूळ शब्दाचा आजचा अर्थ बांधून ठेवत नाही, हे नव्या अभ्यासकाने पहिल्याच आठवड्यात शिकावे म्हणून मी हे उदाहरण मुद्दाम देतो. मुळावरून अर्थ ठरवण्याचा मोह मोठा असतो आणि मी स्वतः त्याला अनेकदा बळी पडलो आहे.

आता मराठीकडे. कॉम्पोझिटसाठी आपल्याकडे एक शब्द नाही, निदान तीन आहेत: संयुक्त, संमिश्र, सामासिक. आणि उलटेही तितकेच खरे. एकटा ‘संयुक्त’ घ्या. संयुक्त संख्येत तो कॉम्पोझिट, संयुक्त पानात आणि संयुक्त वाक्यात कंपाउंड, संयुक्त राष्ट्रांत युनायटेड, संयुक्त पत्रकार परिषदेत जॉइंट. ‘संमिश्र’ म्हणावे तर आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात पितळेसारख्या मिश्रधातूला तोच शब्द. म्हणजे एका शब्दासमोर एक शब्द अशी दोन स्तंभांची यादी इथे टिकत नाही. रेघा मारायला गेलो तर कोळ्याचे जाळे होते. परिभाषा घडवणाऱ्यांना मात्र यादीच हवी असते आणि त्यांची गरज खरी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फार्सी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले तेव्हाही, आणि १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर शासनव्यवहारासाठी कोश होऊ लागले तेव्हाही, प्रश्न एकच होता: समोर एक शब्द द्या. कारकुनाला, न्यायाधीशाला, शिक्षकाला तो लागतो. शब्दार्थविचार करणाऱ्याचे काम तिथून पुढे सुरू होते. निवडलेल्या शब्दाने काय आणले आणि काय बाहेर ठेवले, हे त्याने पाहायचे.

या तीन शब्दांच्या पोटात तीन वेगळ्या क्रिया आहेत. संयुक्तमध्ये ‘युज्’ आहे, म्हणजे जुंपणे. बैल जोडीने जुंपलेले डोळ्यांपुढे येतात. संमिश्रमध्ये मिसळणे आहे. समासात सम् आणि ‘अस्’, म्हणजे एकत्र टाकणे. लॅटिनमध्ये ठेवणे होते. आपण जुंपतो, मिसळतो किंवा टाकतो.

यांतल्या सामासिककडे आपले लक्ष सर्वांत कमी गेले आहे आणि शिकवण्यासारखे सर्वाधिक त्यातच आहे, असे माझे ठाम मत आहे. कारण समासाबद्दल आपल्या व्याकरणाने एक प्रश्न विचारून ठेवला आहे जो इंग्रजी कोश विचारत नाहीत: प्राधान्य कोणाचे? अव्ययीभावात पहिल्या पदाचे, तत्पुरुषात दुसऱ्याचे, द्वंद्वात दोन्हींचे आणि बहुव्रीहीत दोन्ही सोडून बाहेरच्या तिसऱ्याचेच. शाळेत गुणांसाठी पाठ केलेली ही चौकट घेऊन कॉम्पोझिटच्या वापरांकडे पुन्हा पाहा. संयुक्त संख्येत २ आणि ३ यांना सारखाच मान, क्रम बदलला तरी ६ तेच: हा द्वंद्व, आईवडिलांसारखा.

तत्पुरुष सापडतो कायद्यात. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याने ‘कॉम्पोझिट’ पुरवठा आणि ‘मिक्स्ड’ पुरवठा यांत भेद केला आहे. व्यवहारात नैसर्गिकपणे एकत्रच दिल्या जाणाऱ्या, आणि ज्यांत एक मुख्य असते अशा वस्तू-सेवांचा पुरवठा कॉम्पोझिट. माल, त्याचे वेष्टन, वाहतूक आणि विमा एकत्र दिला तर माल मुख्य, आणि सगळ्यावर मालाच्या दराने कर. पण मिठाई, चॉकलेट, सुका मेवा आणि फळांचा रस एका खोक्यात भरून एका किमतीला विकला, दिवाळीत भेट म्हणून देतात तसा, तर तो मिक्स्ड. त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर साऱ्या खोक्याला लागतो. दोन विशेषणांमधला अर्थभेद इथे पैशात मोजला जातो. कायद्याच्या कॉम्पोझिटला प्रधान पद लागतेच.

बहुव्रीहीचे उदाहरण आहे एका छायाचित्राचे. १८७८ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन याने ‘नेचर’ या नियतकालिकात कॉम्पोझिट चेहऱ्यांविषयी लिहिले. अनेक माणसांचे फोटो त्याने एकाच काचेवर थोडा थोडा वेळ उमटवले आणि त्यातून एक नवाच चेहरा निघाला. गुन्हेगारांचा एक ठरावीक चेहरा असतो का, हे त्याला पाहायचे होते. पण त्यांच्या चेहऱ्यांतला विद्रूपपणा मिश्रणात विरून गेला आणि उमटला तो सुटासुटा पाहिलेल्या प्रत्येकापेक्षा सोज्ज्वळ असा सामान्य माणसाचा चेहरा. तो चेहरा त्या गटातल्या कोणाचाच नव्हता. नीलकंठ म्हणजे निळा रंगही नव्हे आणि नुसता कंठही नव्हे, तर शंकर, तसेच हे. गॉल्टनच्या विचारांचा पुढे वंशशुद्धीच्या कल्पनांकडे झालेला प्रवास दुःखद आहे आणि तो विसरू नये. पण त्याचे हे चित्र तत्त्वज्ञानाच्या कामी आले. विट्गेनस्टाइनने १९२९ मध्ये केंब्रिजला दिलेल्या नीतिविषयक व्याख्यानात त्याची आठवण काढली: एका शब्दाजवळ त्याचे अनेक समानार्थी शब्द एकावर एक ठेवले की त्यांच्यातले सामाईक आपोआप उमटून दिसते. मी या लेखात कॉम्पोझिटचे वापर एकावर एक ठेवत आलो आहे तेही याच भरवशावर.

मग येतो तो प्रयोग, जो प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याच्या नजरेखालून गेलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५१ मध्ये भारताच्या संस्कृतीला कॉम्पोझिट हे विशेषण मुळापासून आहे, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली तेव्हा अनुच्छेद ५१ क मध्येही ते आले. हिंदीत त्यासाठी ‘सामासिक’ निवडले गेले. मराठीत ‘संमिश्र’. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर मूलभूत कर्तव्यांच्या यादीत हा शब्द मुले वर्षानुवर्षे पाहतात. दोन्ही भाषांतरे प्रामाणिक आहेत आणि दोन्हींनी वेगळी चित्रे काढली आहेत. संमिश्रमध्ये रंग एकमेकांत उतरतात, पितळेतले तांबे आणि जस्त पुन्हा वेगळे दाखवता येत नाही. या देशाच्या भाषा, गाणी, स्वयंपाकघरे पाहिली तर हे चित्र खोटे नाही. मराठीतले ‘जमीन’, ‘बटाटा’ आणि ‘टेबल’ वेगळे काढून दाखवायला कोशकाराची मदत लागते, बोलणाऱ्याला ते सगळे आपलेच. सामासिकमध्ये मात्र पदे उभी राहतात, त्यांच्यामधले प्रत्यय तेवढे गळतात. आणि त्याबरोबर तो जुना प्रश्न येतो, प्राधान्य कोणाचे? तत्पुरुष समजणारे लोक आहेत, द्वंद्व समजणारे आहेत. मी द्वंद्व मानतो, आणि त्यातही समाहार द्वंद्व. मीठभाकर म्हटले की मीठ आणि भाकर येतातच, शिवाय न उच्चारलेला कांदा, चटणी, ठेचाही येतो. ज्यांची नावे समासात घेतली गेली नाहीत त्यांनाही पंक्तीत जागा देणारा हा समास मराठीला इतका सहज येतो की आपल्या भाषांतरकारांनी ‘सामासिक’ सोडला याची मला हळहळ वाटते. तुम्ही वेगळा कौल द्याल. तसा द्यायचा तर कारणासह द्या, एवढेच या अभ्यासाचे मागणे आहे.

ही कारणे कुठून मिळवायची? इंग्रजीचा ऑक्सफर्ड कोश कसा झाला ते पाहावे. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याची कल्पना निघाली, १८८४ मध्ये पहिला भाग छापला गेला आणि १९२८ मध्ये तो पुरा झाला. जेम्स मरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या टेबलावर स्वयंसेवक वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांचे ढीग असत: एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तकाचे नाव, साल. अर्थ आधी ठरवून उदाहरणे शोधली नव्हती, उदाहरणांच्या गठ्ठ्यातून अर्थ वर आले. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कोबिल्ड कोशाने तेच काम संगणकावर साठवलेल्या मजकुराच्या आधारे केले: शब्द मधोमध, त्याच्या डावी-उजवीकडे त्याची संगत, अशा शेकडो ओळी एकाखाली एक. शब्द कोणाच्या पंक्तीला बसतो हे दिसले की त्याचा स्वभाव दिसतो. मराठीत मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाने आणि १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या दाते-कर्वे मंडळींच्या महाराष्ट्र शब्दकोशाने अशा कामाचा पाया घातला आहे. त्यांची पाने उलटताना वेळ कसा जातो ते कळत नाही. नव्या वाचकाने एखादी दुपार त्यासाठी राखून ठेवावी, काही शोधायचे नसले तरी.

साधने म्हणाल तर वही आणि पेन पुरेत. माझ्या वहीतली अगदी अलीकडची नोंद दंतवैद्याच्या दवाखान्यातली आहे. बाकावर शेजारी बसलेल्या आजींना आतून आलेल्या सहायक मुलीने विचारले, “आजी, चांदी भरायची की कॉम्पोझिट?” आजी म्हणाल्या, “दाताच्या रंगाचं असतं ना, ते भर बाई.” त्या भरणात काचेचे सूक्ष्म कण आणि राळ असते, म्हणून डॉक्टर त्याला कॉम्पोझिट म्हणतात. आजींच्या मराठीत त्या शब्दात भागही नाहीत आणि जोडणीही नाही. तो विशेषण राहिलेला नाही, नाम झाला आहे, आणि त्याचा अर्थ ‘दाताच्या रंगाचे’ असा आहे. मी तारीख घातली, दोन्ही वाक्ये जशीच्या तशी उतरवली आणि शेजारी लिहिले: नवा अर्थ, मराठी, आणखी उदाहरणे हवीत.